चेहऱ्यावर उजेड नको

मी पुण्याहून शिकायला परदेशी आले होते आणि ती नाशिकहून. क्लेटनला युनिपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका घरात आम्ही दोघींनी एक खोली भाड्याने घेतली होती. दोन गाद्या, एक कपाट. अंगकाठी सारखीच, त्यामुळे कपडेही एकमेकींचे घालायचो. शिक्षण संपल्यावर ती वृद्धांच्या एज्ड केअरमध्ये शिफ्टा करायला लागली आणि मी एका कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले. पुढे दोघींना पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी मिळाली, दोघींची लग्नं झाली आणि दोघी ट्रुगानिनाला, एकमेकींपासून गाडीने पाच मिनिटांवर राहायला आलो. तिला मुलगी झाली. मला मूल राहिलं नाही. दुसऱ्यांदा मिसकॅरेज झालं तेव्हा माझा नवरा कामासाठी पर्थला होता. हॉस्पिटलमध्ये माझ्याजवळ तीच होती. घरी आणून तिने मला मऊ भात भरवला आणि तीन दिवस ती माझ्याकडेच राहिली. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं कळायला हे माहीत असायला हवं.

नवऱ्यापासून वेगळं होऊन तिला सात-आठ महिने झाले असतील. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, आठवड्यातले काही दिवस हिच्याकडे आणि वीकेंडला बापाकडे. एका मंगळवारी दुपारी ती माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच ट्रायपॉड हलवून बघत राहिली.

"मला लाइट्स घ्यायचेत," ती म्हणाली. "आणि एक कॅमेरा. व्हिडिओ चांगला येईल असा."

"कशाचे व्हिडिओ? रेसिपीज?"

"तुझा ब्रेक कधी आहे?"

ब्रेकमध्ये आम्ही मागच्या कारपार्कमध्ये तिच्या गाडीत बसलो. कॉफीचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता. म्हाताऱ्या माणसांना उचलून उचलून तिची पाठ गेली होती. डॉक्टरने शिफ्ट कमी करायला सांगितलं होतं आणि घरभाडं तर थांबत नव्हतं. मग तिने सरळच सांगितलं. अडल्ट कंटेंट. एकटीचे, अंगाचे फोटो आणि व्हिडिओ. लोक महिन्याची वर्गणी भरून बघतात. इथे कायद्याने चालतं, आपल्या मर्जीने, आपल्या घरात.

"पण चेहरा नाही दाखवायचा," ती म्हणाली. "चेहऱ्यावर उजेडच पडायला नको. ते तूच करू शकतेस."

माझ्या तोंडातून एकदम निघालं, "अगं, थंडी नाही का वाजणार? तुझ्या त्या मागच्या खोलीत हीटिंग पोचतच नाही."

ती हसायला लागली, मग मीही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्यालाही नाही. शपथ."

मी शपथ घेतली. मला ते काम पटलं होतं का? खरं सांगायचं तर मी त्याचा फार विचार केला नाही. तिने माझ्यासाठी जे केलं होतं त्यापुढे हे काहीच नव्हतं.

तिने इंटरनेटवरून एक यादी काढून आणली होती. सगळ्यात वर रिंग लाइट. तो मी आधी खोडला. रिंग लाइट समोरून सपाट उजेड टाकतो, अंगाला गोलाई राहत नाही, आणि सगळ्यात जास्त उजेड पडतो तो चेहऱ्यावरच. स्वस्तातले एलईडी पॅनलही मी काढून टाकले. ते आपल्या सावळ्या कातडीवर हिरवट, राखाडी झाक आणतात; माणूस आजारी दिसतो. नव्या माणसाला वाटतं, कॅमेरा महाग घ्यावा आणि दिव्यांवर वाचवावं. मी तिला उलट सांगितलं. कॅमेरा सेकंड हँड मिररलेस चालेल, फक्त स्क्रीन फिरून पुढे येणारी हवी, म्हणजे एकटीला स्वतःची फ्रेम बघता येते. दिवे मात्र रंग खरा दाखवणारे हवेत. दोन एलईडी, त्यांचा उजेड मऊ करणारा एक मोठा सॉफ्टबॉक्स, आणि सॉफ्टबॉक्सला पुढून लावायची कापडी जाळी. जाळीमुळे उजेड जिथे हवा तिथेच पडतो, बाजूला सांडत नाही. खांद्यापर्यंत उजेड आणि त्याच्या वर अंधार, असं कापून टाकता येतं.

सगळं मी माझ्या दुकानातून माझ्या स्टाफ डिस्काउंटवर घेतलं. बिलं माझ्या नावावर, खोक्यांवरची लेबलं माझ्या नावाची. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंही नाही.

मुलगी बापाकडे गेलेल्या एका शनिवारी सकाळी आम्ही मागची खोली लावली. आधी मी खोलीतून ओळख पटेल असं सगळं बाहेर काढलं. मुलीची चित्रं, कालनिर्णय, खिडकीत ठेवलेली तुळशीची कुंडी. खिडकीतून समोरच्या घराचं छप्पर दिसत होतं म्हणून उजेड अडवणारा जाड पडदा लावला. कॅमेऱ्यातलं लोकेशन आणि वायफाय बंद केलं. तिच्या डाव्या मनगटावर तेल उडून भाजल्याचा डाग होता, तो झाकायला रुंद कडं घालायला सांगितलं. सगळ्यात जास्त छळलं ते ऑटोफोकसने. हल्लीचा कॅमेरा फ्रेममध्ये माणूस आला की आधी त्याचा चेहरा शोधतो. अंधारातही तिचा चेहरा शोधून त्याच्याभोवती चौकोन काढायचा. शेवटी मेनूत जाऊन ते बंद केलं.

उजेड मोजायला पलंगावर कुणीतरी बसायला हवं होतं. मी माझ्या जीन्स-टीशर्टमध्ये बसले आणि ती स्क्रीनपाशी उभी राहिली.

"किती छान दिसतेस गं तू," ती म्हणाली. "नाही म्हणजे, चेहरा दिसतच नाहीये. पण छान."

मग जागा बदलून ती बसली आणि मी दिवा थोडा खाली घेतला. कॅमेरा चालूच होता. ती काहीतरी बोलून हसली आणि मान पुढे आली, तेव्हा दोन सेकंद तिचा चेहरा उजेडात आला. मी म्हटलं, "असं नाही करायचं." ती म्हणाली, "सवय होईल." ती क्लिप माझ्या मेमरी कार्डावरच राहिली. लग्नं, बारशी, मॅटर्निटी शूट अशी कितीतरी कामं मी वीकेंडला करायचे, पण त्या खोलीतला उजेड हे माझं सगळ्यात चांगलं काम होतं. ते मी कुणालाही दाखवू शकणार नव्हते, आणि तरी मला त्याचा अभिमान वाटत होता. नंतरचे तीन-चार शनिवारही मी तिला शिकवायला गेले. घरी सांगितलं, बेबी शूट आहे.

ती भाड्याने राहायची ते घर एका मराठी जोडप्याच्या मालकीचं होतं. इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेलं. दोघंही इथल्या मराठी मंडळात पुढे पुढे असणारी माणसं. भाड्याच्या घराचं इन्स्पेक्शन एजंट करायचा, आणि तो प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवायचा.

"एजंटने विचारलं तर काय सांगू?" तिने मला फोनवर विचारलं.

"सांग, माझा स्टुडिओ आहे. मी बाळांचे फोटो काढते, हे सगळ्यांनाच माहीत आहे."

"चालेल ना तुला?"

"त्यात काय."

हे मीच म्हटलं होतं. एवढंच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मालकीणबाई मला म्हणाल्या, "आमच्या घरात स्टुडिओ केलात म्हणे तुम्ही?" मी वाण घेता घेता हसून म्हणाले, "हो, छोटासाच आहे." आजूबाजूला सात-आठ बायका होत्या.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी कामं रद्द व्हायला लागली. आधी एक बारसं. "आम्ही घरच्याघरीच करतोय." मग एक डोहाळजेवण. मग मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. "गणपतीचे फोटो यंदा दुसऱ्या कुणाला तरी दिलेत हं. तू वाईट वाटून घेऊ नकोस." सहा वर्षं ते काम माझ्याकडे होतं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तरुण मुलांना चान्स द्यायचा म्हणून." आवाज नेहमीचा नव्हता. पूर्वी फोन ठेवताना त्या हमखास विचारायच्या, चकल्या करतेस का, भाजणी पाठवू का. तसं काही विचारलं नाही.

मला कळलं ते नवऱ्याकडून. रविवारी क्रिकेट खेळून तो आला आणि बूट न काढताच सोफ्यावर बसला.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "तिच्या घरात तू काय शूट करतेस?"

मी विचारलं, "का?"

"टीममधल्या एकाने बाजूला घेऊन सांगितलं. कुठल्यातरी अडल्ट साइटवर व्हिडिओ आहेत. मागे कपाटाचा आरशाचा दरवाजा आहे, कोपऱ्यात तडा गेलेला. घरमालकाकडे एजंटचे फोटो आहेत, त्यात तोच दरवाजा." तो थांबला. "बाईचा चेहरा दिसत नाही. सगळे म्हणतायत, ती तू आहेस."

सगळी खोली मी इतकी बारकाईने तपासली होती आणि त्या तड्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्या साइटवर ते व्हिडिओ बघणारा आणि मालकाला दाखवणारा माणूस मंडळातलाच होता. तो तिथे काय करत होता, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. कारपार्कमधल्या शपथेपासून शनिवारांपर्यंत. तो म्हणाला, "ती तू नाहीस हे मला माहीतच होतं. मी त्याला तिथेच सांगितलं. पण तू इतके शनिवार मला खोटं सांगून गेलीस. आता मी कुणाला 'माझी बायको मला सगळं सांगते' असं म्हणायचं, तर कसं म्हणू?"

 

तरी तोपर्यंत मला वाटत होतं की ही लोकांची जीभ आहे. मी त्याला म्हटलंही, "तिला हे कळलं तर ती स्वतःहून सांगेल सगळ्यांना." "तिला विचारूनच तर पसरलंय," तो म्हणाला. "मालकाने आधी तिलाच फोन केला होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेले. मुलगी शाळेत होती. तिने दार उघडलं आणि मला बघून ती बाजूला झाली, 'ये' म्हणाली नाही. हॉलमध्ये भिंतीला लागून खोकी रचलेली होती. सॉफ्टबॉक्स, दिवे, स्टँड, सगळं ज्या खोक्यांतून आलं होतं त्यांतच पुन्हा भरलेलं. सगळ्यांवर माझं नाव.

"तुला फोन करणारच होते," ती म्हणाली.

"काय सांगितलंस त्यांना?"

"ते म्हणाले, ही खोली कोण वापरतं? मी म्हटलं, तू. आपलं तसंच ठरलं होतं."

"आणि मग?"

"मग त्यांनी विचारलं, तिथे काय चालतं ते तुला माहीत होतं का? मी म्हटलं, नाही."

"आणि त्या व्हिडिओतली बाई कोण, असं विचारलं?"

तिने एका खोक्यावरची चिकटपट्टी दाबून बसवली.

"विचारलं," ती म्हणाली. "मी काही बोलले नाही."

"काही बोलली नाहीस म्हणजे?"

"तुझं नाव मी घेतलं नाही. मी फक्त गप्प बसले. त्यांनी काय समजायचं ते समजले."

मी खुर्चीवर बसले. रागापेक्षा मला कसंतरीच होत होतं, जिना उतरताना शेवटची पायरी नाहीच आहे असं कळावं तसं.

"अगं, पुढच्या महिन्यात मुलीच्या ताब्याचं मिडिएशन आहे," ती भराभर बोलायला लागली. "त्याच्या हातात हे लागलं तर तो मुलीला घेऊन जाईल. कायदा काहीही म्हणो, त्याचा वकील हे सगळ्यांसमोर काढेल. तुझं काय जाणार आहे? तुझा नवरा चांगला आहे, तो विश्वास ठेवेल. लोक चार दिवस बोलतील."

"मला आधी विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

मी विचार केला. "माहीत नाही," मी म्हणाले. "कदाचित म्हणाले असते."

"मला तेवढी रिस्क घेता येत नव्हती. मुलगी आहे माझी." आणि मग तिने ते वाक्य उच्चारलं. "तुला मूल नाही, तुला नाही कळणार."

जिने मला मऊ भात भरवला होता तीच हे बोलली. तिच्या लगेच लक्षात आलं असावं, कारण तिने हात पुढे केला. मी उठले.

"हे सगळं घेऊन जाशील का?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "घरात ठेवता येत नाही मला."

ती खोकी माझ्या गाडीत चढवताना समोरच्या घरातून कुणी बघितलं असतं तर आणखी काय हवं होतं? मी ती तिथेच ठेवून निघाले. पुढे तिने त्यांचं काय केलं, मला माहीत नाही.

माझ्याकडे पुरावा होता. त्या पहिल्या शनिवारची क्लिप, दोन सेकंद उजेडात आलेला तिचा चेहरा, मागे तोच आरसा. नवरा म्हणाला, मालकीणबाईंना पाठव आणि मोकळी हो. मी ती दोनदा फोनवर घेतली. एकदा नंबरही निवडला. स्क्रीनवर ती हसत होती आणि मागून माझाच आवाज येत होता, असं नाही करायचं. मी पाठवली नाही. मी फार मोठ्या मनाची आहे म्हणून नव्हे. क्लिप एका हातातून दुसऱ्या हातात गेली असती आणि शेवटी तिच्या मुलीच्या शाळेपर्यंत पोचली असती, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण पुसूनही टाकली नाही. महिनाभर रोज वाटायचं, आज पाठवते.

त्याच महिन्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. वेगळे झाल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.

"मला फक्त एक सांग," तो म्हणाला. "ते व्हिडिओ तिचे आहेत का?"

"ते तिला विचार."

"तिला विचारलं. ती म्हणते, तुझे आहेत."

म्हणजे गप्प बसणंही आता उरलं नव्हतं. तिने माझं नाव घेतलं होतं. मी लाँड्रीत उभी होते, हातात ओले कपडे होते.

"ती असं म्हणाली?"

"स्पष्ट. मला ते पटत नाहीये, म्हणून तुला फोन केला. बारा वर्षं संसार केलाय तिच्याबरोबर. हो किंवा नाही, एवढंच सांग."

'नाही, माझे नाहीत' एवढं म्हटलं असतं तर माझं नाव धुऊन निघालं असतं. तो माणूस वाईट नव्हता, पण चिडलेला होता. चिडलेल्या माणसाच्या हातात मी काय दिलं असतं ते मला कळत होतं. मी म्हणाले, "मला यावर बोलायचं नाहीये." तो म्हणाला, "ओके. म्हणजे खरं आहे." आणि त्याने फोन ठेवला.

त्या रात्री मी क्लिप पुसली. ठेवली असती तर कधीतरी पाठवलीच असती. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझी मर्जी." पुढचे कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी फक्त भाजी, बिलं आणि गाडीची सर्व्हिस एवढंच बोललो. ते आपोआप नाही निवळलं. मी त्याला माझ्या फोनचा पासवर्ड दिला, त्याने तो कधी वापरला नाही. हळूहळू तो पुन्हा बूट दारात काढून, मला हाक मारत घरात यायला लागला.

मिडिएशनमध्ये मुलगी दोघांकडे निम्मी-निम्मी राहील असं ठरलं. ती टार्नीटच्या बाजूला दुसऱ्या घरात राहायला गेली. मला मंडळाचं काम परत मिळालं नाही आणि मी मागितलंही नाही. आता मी दुकानांसाठी वस्तूंचे फोटो काढते. लोणच्याच्या बरण्या, साड्या, पितळी समया. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कुणी अपमान केला नाही, कुणी बोलावलंही नाही. मला तिचा रोज राग यायचा. आंघोळ करताना यायचा, सिग्नलला थांबले की यायचा. सगळ्यात जास्त यायचा तो कुणाला सांगावं असं काही घडलं की, कारण फोन अजूनही आधी तिलाच करावासा वाटायचा.

परवा शॉपिंग सेंटरमध्ये मी दूध आणि ब्रेड घेऊन बाहेर पडत होते. मागून कुणीतरी पळत आलं आणि माझ्या कमरेला मिठी मारली. तिची मुलगी. केवढी उंच झाली होती.

"मावशी! हाउ कम यू डोन्ट कम ओव्हर एनीमोर?"

मागून ती आली, ट्रॉली ढकलत. केस कापलेले होते, चेहरा ओढलेला. मला बघून ती जागच्या जागी थांबली. आता मी काय म्हणते याची ती वाट बघत होती. मुलगीही बघत होती.

"काम फार वाढलंय गं," मी मुलीला म्हणाले.

"ऑन वीकेंड्स टू?"

"वीकेंडला तर जास्तच."

मुलीला ते पटलं. ती म्हणाली, "दॅट्स सो अनफेअर," आणि मला तिचे नवे बूट दाखवले, टाचेत दिवे लागणारे. मी वाकून बघितले. मग तिची आई म्हणाली, "चल, उशीर होतोय आपल्याला." ट्रॉली वळवताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं, ओठ हलले, पण शब्द आला नाही. मी वाट बघितली. ती जायला लागली तेव्हा मीही पिशव्या उचलल्या. दूध गरम व्हायच्या आत घरी जायचं होतं.